ब्रेकवरचा पाय

मंगळवार, डिचोली

पिलाटीसच्या व्यायामवर्गात आज पुन्हा माझं हसं झालं. निजून, दांड्याला पाय लावून सरकती गादी मागे ढकलायची, मग स्प्रिंगनं हळू परत येऊ द्यायची. ती परत निघाली की माझा उजवा पाय ब्रेक मारतो आणि गादी उलट मागेच पळते! जन्मभर खनिजाचा ट्रक चालवला, दुसरं काय होणार? शेवटी अर्धांगवायूतून सावरलेल्या शेवंतीबाय चटईवरून ओरडल्या, "भाऊ, घाट संपलो मरे, सोडा तो पाय!"

सोडला. गादी अलगद जागेवर आली.

घरी येताना सून गाडी चालवत होती. एरवी तिच्या शेजारी बसलो की वळणावळणाला माझा तोच उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतो, ती चिडते. आज नार्व्याच्या वळणावर मला चक्क डुलकी लागली. तिनं उठवलं ते थेट अंगणात.