लाईबाची तारीख आणि अमेरिकेचा दुसरा भाग

मनामा, बहरीन
नोव्हेंबर १९९३

आदरणीय खदिजा आपा,

अस्सलामु अलैकुम. आम्ही इथे अल्लाच्या मेहरबानीने खुशाल आहोत. तुझे गुडघे, नजीबभाईंचा खोकला आणि विहिरीवरचा पंप हे तिन्ही आता सुधारले असतील अशी उमेद करतो. (पंपाचं नजीबभाईंनी लिहिलं, खोकल्याचं तू लिहिलंस, गुडघ्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणजे तेच जास्त दुखत असणार.) हमीदा सलाम सांगते. तू पाठवलेले सुके बोंबील पोचले. ज्याच्या बॅगेतून आले तो माणूस मात्र अजून माझ्याशी बोलत नाही.

तुझ्या पत्रात तू एकच गोष्ट विचारली आहेस, पण तीन वेळा. लाईबा आणि अझहरचा निकाह डिसेंबरच्या शेवटी धरायचा ना, हॉल बुक करू ना, तू काही बोलत का नाहीस? आपा, तुझ्या अझहरसारखा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, आणि तू तर माझी सख्खी बहीण. हॉलचं मी लिहितोच. पण आधी लाईबाच्या शिक्षणाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं तुला काही कळणार नाही.

ऑगस्टमध्ये पोरीने जाहीर केलं की तिला कॉलेजात जायचंय. इथे अदलियामध्ये एका बंगल्यात अमेरिकेतल्या कुठल्याशा कम्युनिटी कॉलेजचे वर्ग भरतात. कम्युनिटी म्हणजे जमात, एवढं इंग्लिश मला येतं. म्हणून मी जाऊन विचारलं, ही कुठली जमात आणि अध्यक्ष कोण? काउंटरवरची बाई म्हणाली, हे सगळ्यांसाठी आहे. आपल्या जमातीची मीटिंग सगळ्यांसाठी ठेवली की काय होतं ते तू पाहिलं आहेस, म्हणून मी जरा घाबरलोच. बरं, बाकीचे विषय भरलेले; उरला होता अमेरिकेचा इतिहास, तोही मगरिबनंतर. अंधार पडल्यावर पोरगी एकटी जाणार? मी म्हटलं, मफी, अजिबात नाही. लाईबा म्हणाली, मग तुम्ही चला. मी म्हटलं, चल, यल्ला! रागाच्या भरात माणूस काय बोलून जातो बघ.

पहिल्या दिवशी मी बाहेर गाडीत बसलो. सप्टेंबरातला इथला उकाडा तुला काय सांगू, मी अर्धा वितळलो होतो. शिकवणाऱ्या बाई बाहेर आल्या आणि मला हाताला धरून एसीमध्ये नेऊन बसवलं. आता पासपोर्टाचा घोळ ऐक. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचं नाव. लाईबाच्या पासपोर्टावर 'लाईबा रहिमतुल्ला' एवढंच आहे, आडनाव लावायचं राहून गेलं. (एजंट घाई करत होता, माझा दोष नाही.) अमेरिकन माणूस शेवटचं नाव पुकारतो. बाईंनी हजेरी घेताना पुकारलं, 'रहिमतुल्ला!' आणि मी शाळेच्या सवयीने ताडकन उभा राहून 'हजर' म्हणालो. शेजारी लाईबाही उभी. बाईंनी दोघांकडे पाहिलं, हसल्या, आणि कागदावर दोन खुणा केल्या. तेव्हापासून मी अमेरिकेच्या इतिहासात आहे.

बाईंना नुसतं 'लॉरा' म्हणायचं असा त्यांचा हुकूम आहे. शिकवणाऱ्या बाईला नावाने हाक मारू? तौबा तौबा! मी 'लॉरा मॅडम' म्हणतो आणि लाईबा टेबलाखालून माझा पाय चेंगरते. मग परीक्षा आली. कागद माझ्याही पुढ्यात पडला. परत कसा करणार, वाईट दिसतं. आपल्या शाळेत शिकवलं होतं तसं लिहून काढलं: स्वातंत्र्ययुद्धाची तात्कालिक कारणे, दूरगामी कारणे, परिणाम, समारोप, खाली दोन रेघा. कागद परत आला तो लाल शाईत प्रश्न घेऊन: हे सगळं पुस्तकात आहे, पण तुम्हाला काय वाटतं? मला! आपा, युद्ध होऊन दोनशे वर्षं झाली, आता मला काही वाटून कुणाचं भलं होणार? आणि लग्न झाल्यापासून हमीदाने कधी मला काय वाटतं ते विचारलं नाही, त्याचं काय?

पण विचारलंच आहे म्हटल्यावर मी वाटून घ्यायला सुरुवात केली. तिकडे बोस्टन म्हणून बंदर आहे. लोक करावर चिडले आणि त्यांनी जहाजातला चहा समुद्रात फेकला. अख्खा वर्ग खूश. मी हात वर केला. (तू जाणतेसच, मी चहा-किराण्याच्या गोडाऊनचा कीपर आहे, माझा जीव तुटला.) म्हटलं, मॅडम, क्रांती करणारे वेष बदलून आले आणि घरी जाऊन झोपले, पण त्या मालाच्या पावतीवर सही कुणाची? सकाळी शेठ येऊन विचारणार, माल कुठे आहे? तो बिचारा गोडाऊनवाला काय सांगणार, माशांनी प्यायला? बाई एवढ्या हसल्या की त्यांना खुर्ची घ्यावी लागली. आणि मग त्यांनी सगळ्या वर्गाला घरचा अभ्यास दिला, त्या गोडाऊनवाल्याच्या वतीने शेठला पत्र लिहा. तेव्हापासून वर्ग माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघतो. लाईबाने गाडीत अबोला धरला. सिग्नलला थांबलो तर एकदम फिसकन हसली, आणि घर येईपर्यंत हसत होती.

आपा, तुला सांगतो. ही पोर झाली तेव्हा मी इथे होतो. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती चालत होती, आणि मला बघून तुझ्या ओढणीआड लपून 'हा कोण?' म्हणाली होती. तिला तू आणि हमीदाने वाढवलंत. सात वर्षांची झाली तेव्हा मला फॅमिली व्हिसा मिळाला, पण इथली शाळा इंग्लिश. मी मराठीत ढीगभर विचारायचं, तिने 'फाईन, अब्बा' म्हणायचं, खलास. आता शनिवारी आणि मंगळवारी गाडीत ती आपणहून बोलते. अर्धं इंग्लिश, अर्धं तुझं रत्नागिरीचं. अमेरिकेवर भांडतो आम्ही, परतीच्या वाटेवर चहा पितो, पुन्हा भांडतो. मला फार बरं वाटतं.

सध्या आम्ही यादवी युद्धात आहोत. भाऊ भावावर उठला आहे, आपल्या वरच्या आणि खालच्या मोहल्ल्याचं मशिदीतल्या पंख्यांवरून झालं होतं तसं, फक्त बंदुका घेऊन. (तिथे मुद्दा माणसं गुलाम ठेवण्याचा होता, पंख्यांचा नव्हे, एवढा फरक मला कळतो.) डिसेंबरात युद्ध संपतं आणि अभ्यासाचा पहिला भागही संपतो. दुसरा भाग जानेवारी ते मे. पुढे काय झालं ते मॅडम आत्ता सांगायला तयार नाहीत.

कागद संपत आला. गुडघ्यांना तेल लाव. नजीबभाईंना सलाम, अझहरला दुआ.

तुझा धाकटा भाऊ,
रहिमतुल्ला

ता. क. हॉलचं राहिलंच. डिसेंबरऐवजी मे महिन्यात, बकरी ईदनंतर मिळतो का बघशील? पोरीचं शिक्षण अर्धवट राहू नये, एवढंच. माझं बाकी काही नाही.

ता. ता. क. हमीदाने वरचं वाचलं आणि म्हणाली, बहिणीला तरी खरं लिहा. लिहितो. लाईबा डिसेंबरला तयार आहे, अभ्यासाची सबब माझी. अमेरिकेचं पुढे काय झालं ते मला पुस्तकात वाचता येईल. पण ती गेली की गाडीत शेजारी कोण बसणार? लहानपण तिचं तुझ्याकडे गेलं, आणि आता ती जन्मभर तुझ्याकडेच येणार. मधले हे चार-पाच महिने मला दे. तरी तुला डिसेंबरच हवा असेल तर डिसेंबर कर, मी वर तोंड करून बोलणार नाही.

फुफू, सलाम. मी लाईबा. अब्बांनी पाकीट चिकटवायला दिलं आणि मी सगळं वाचलं, सॉरी. माझं मराठी रायटिंग खराब आहे, हसू नको. अझहरला मी फोन केला होता, तो मे चालेल म्हणाला, पण तू हो म्हटलंस तरच. प्लीज मे कर ना. आणि एक सीक्रेट आहे, फक्त अम्मीला माहीत आहे. माझं ड्रायव्हिंग लायसन्स ऑक्टोबरमध्येच आलंय. अब्बांना सांगू नको.