डब्यातला फेस

सोमवार, संध्याकाळ

काल इथे लिहिलेलं खोटं आहे. पप्पांच्या गॅरेजवर आलेल्या, राई गावच्या काकांच्या गाडीचं स्टिअरिंग मी वीस वेळा फिरवलं नाही, बाराच वेळा फिरवलं. स्टिअरिंगच्या तेलाचा पाईप बदलला की इंजिन बंद ठेवून दोन्ही टोकांपर्यंत वीस वेळा फिरवायचं, तेव्हा तेलातली हवा निघते, हे पप्पांनीच शिकवलंय. तेलाच्या डब्यात फेस दिसत होता, म्हणजे हवा उरली होती. तरी मी झाकण लावलं.

“हवा न्हाय ना रायली गो?” काकांनी विचारलं.

“नाही.”

पप्पा शेजारीच होते. म्हणाले, “हिचं काम परत बघावं लागत नाही.” आणि त्यांनी बघितलंही नाही.

तो फेस. वळणावर स्टिअरिंग जड झालं तर? बुधवारी काका गरोदर सुनेला माहेरी सोडायला निघणार. पप्पांना आज सांगायला जीभ का रेटली नाही?

पप्पांना सांगून, त्यांना घेऊनच राईला जाणार. उद्या, मंगळवारी सकाळी.