टकल्या पाखरांचा पूल

करामा, दुबई
२५ जून १९९९

श्री. वासुदेव यांचे चरणी सौ. नर्मदेचा शि. सा. न. वि. वि.

नाव अस्मीनं घातलंय. मी नुसतं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. पत्र नातीच्या हातचं आहे, तेव्हा उत्तरात जपून लिहा.

वेदांगला सांभाळायला सहा महिन्यांसाठी आले, त्याला दीड वर्ष झालं. पोर पळायला लागलं. कुंदाची नोकरी सुटत नाही, म्हणून सासूचीही सुटत नाही.

संजयची कंपनी कुसैसच्या बागेत पायी चालायचा शोभेचा पूल बांधते आहे. त्याचा साहेब कोरियाचा. त्यांच्याकडे म्हणे एक गोष्ट आहे, एक गुराखी नि एक विणकरीण, नवरा-बायको. एकमेकांत रमून कामं विसरली, म्हणून तिच्या बापानं आकाशगंगेच्या दोन काठांना टाकली. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सप्तमीला, पाखरं पंखाला पंख लावून पूल करतात, तेव्हा भेट. पाय पडून पडून पाखरांची डोकी टकली होतात. तशी टकली पाखरं कठड्यावर बसवलीत. बघून मी म्हटलं, हे तर आमच्याच घरचे.

तुम्ही गुरं राखता, मी गोधड्या शिवते. काम कधी विसरलो नाही, तरी शिक्षा तीच कशी, ते साहेबाला विचारायचंय.

ती सप्तमी म्हणजे आपली शिळासप्तमी. पूल त्याच दिवशी खुला होतोय. व्हिसा संजय काढतो. याल ना?

लोभ आहेच, आता माणूसही यावं.
सौ. नर्मदा


गुहागर
१७ जुलै १९९९

चि. सौ. नर्मदा हीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. टकलाचा मजकूर शेजारच्या अलीमियाँना वाचून दाखवला नाही, बाकी सगळा दाखवला.

कपिला श्रावणात व्यायची आहे. पहिलारू आहे. अलीमियाँ म्हणतात, आम्ही बघतो, तुम्ही निघा. पण ती परक्या हाताला उभी राहत नाही. पासपोर्ट तुझ्या लुगड्यांच्या पेटीत आहे. कसर लागली का म्हणून रोज उघडून बघतो. पासपोर्टाला कसर लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

सप्तमीला जमणार नाही. माझ्या वाटचा अर्धा पूल तूच चाल.

या खेपेला लोभ मागायला तोंड नाही.
वासुदेव


करामा, दुबई
१९ ऑगस्ट १९९९

श्री. वासुदेव यांचे चरणी शि. सा. न. वि. वि.

नाव या वेळी मी सांगितलं. अस्मीला खरं वाटेना, म्हणून दुसऱ्यांदाही सांगितलं.

काल शिळासप्तमी, गॅस पेटवू दिला नाही. वेदांगनंसुद्धा आदल्या दिवशीचा दहीभात खाल्ला. अस्मीनं बर्गर मागवला, पण हे लिहायला ती तयार नव्हती.

उन्हं उतरल्यावर संजयनं पुलावर नेलं. खाली गुडघाभर पाणी, दोन्ही काठांना माणसं फोटो काढत होती. एका पाखराच्या टकलावरून हात फिरवला. दिवसभराच्या उन्हानं तापलेलं होतं. तुम्ही बागेतून घरी येता तेव्हा असतं, तसं. हात लवकर काढवेना.

मधोमध गेले आणि मागे फिरले. संजय म्हणाला, आई, गाडी पलीकडे लावलीय. मी म्हटलं, मग ती इकडे आण.

तुमच्या वाटचा अर्धा तुमच्यासाठीच ठेवलाय.

कपिला व्याली का, ते कळवा.

इकडच्या काठावरून,
सौ. नर्मदा