रबराची बांगडी

प्रिय अहो,

आठवतं ना? आपलं मुरुडचं अंगण, तुम्ही गाडीखाली आडवे, फक्त पाय बाहेर, आणि मी पाटावर बसून तुमच्या हातात बोल्ट सोडवायचे पाने देतेय. "बारीक नको, मोठा!" म्हणून तुम्ही ओरडायचात आणि मी मुद्दाम बारीकच पुढे करायची. मग गाडीखालून आवाज यायचा, "कॉन्व्हेंटात लहानमोठं शिकवत नव्हते वाटतं?" अहो, सिस्टर्सनी भरतकाम शिकवलं होतं, पाने नव्हेत!

आज त्याच पाटावर बसून लिहितेय. गाडीचं ऑईल मी बदललं. मी! हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

चैत्रात तुम्ही गेलात. दवाखान्याला कुलूप लागलं, गाडी पडवीत तशीच उभी राहिली. श्रावण लागला आणि परवा हिराजी तांडेल फाटकाशी येऊन थांबला. हातात रिकामा डबा, पण तो पाठीमागे लपवलेला. होड्या पाण्यात उतरायच्या आधी फळ्यांना लावायला आपल्या गाडीचं जळकं ऑईल तो दरवर्षी न्यायचा. त्याच्यासाठीच तर तुम्ही श्रावणात ऑईल बदलायचात.

"आत ये ना, हिराजी," मी म्हटलं.

"नको, वैनीबाय. डागदर व्हते तवा हक्कानी मांगायचो. आता कसा मांगू?"

आणि तसाच गेला. मला फार लागलं ते. माणूस गेलं की त्याच्याकडे मागायचा हक्कही जातो का हो?

काल अनंत मुंबईहून आला, तो गाडी विकायचं ठरवूनच. रेवदंड्याचं गिऱ्हाईकही पाहून ठेवलेलं.

"आई, खाऱ्या हवेत नुसती उभी राहून सडेल ती."

"उभी कशाला राहील? बाबांनी मला चालवायला शिकवली ती काय शोभेला?"

"आणि ऑईल? दर वेळी रोह्याहून मिस्त्री आणणार?"

"मी बदलीन."

तो हसला. अगदी तुमच्यासारखा, एका गालात. "बदलून दाखव. खाली थेंब गळला नाही, तर गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो."

आता सांगा, गप्प कशी बसणार होते मी?

सकाळी पावसाने उघडीप दिली. आधी राजपुरीच्या धक्क्यापर्यंत जाऊन आले. ऑईल गरम झालं की पातळ होतं आणि सगळं निथळतं, हे तुमचंच बोलणं. पुढची चाकं फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, जुनं पातळ खोचलं आणि शिरले खाली. या वयात! खालचा बोल्ट सैल केला, शेवटचे आटे बोटांनी सोडवले आणि हात बाजूला घेतला. घमेल्यात काळीभोर धार पडली. फिल्टरचं भांडं उतरवलं, जुना फिल्टर काढला, तुमच्या कपाटातला नवा घातला. तुम्ही स्वतः आणलेला तो शेवटचा. त्याच्यासोबतची नवी रबरी रिंगही बसवली. बोल्ट आवळला, नवं ऑईल ओतलं आणि गाडी सुरू केली.

भांड्याच्या कडेने ऑईल भळाभळा वाहायला लागलं!

मी घाईने इंजिन बंद केलं. अनंत पडवीतून म्हणाला, "झालं! बोलावू का गिऱ्हाइकाला?"

मी हात पुसायला घेतले आणि माझ्या मोकळ्या मनगटाकडे लक्ष गेलं. काहीतरी राहिलं होतं. दरवर्षी या कामात माझ्या हातात काहीतरी यायचं.

तुमची बांगडी! भांडं उतरवलं की वर इंजिनाला असलेल्या खाचेत बोट फिरवून तुम्ही जुनी रिंग ओढून काढायचात आणि माझ्या हातात चढवायचात. "घे, मुंबईची फॅशन." मी चिडायची, पातळाला डाग पडले म्हणून भांडायची. मला ती थट्टा वाटायची. आज कळलं, ती तुमची खूण होती. माझ्या हातात जुनी आल्याशिवाय तुम्ही नवी बसवतच नव्हतात. एवढी वर्षं सोबत बसले, एकदा तरी सांगायचंत की! की सांगितलं असतं तर मी चिडले नसते, आणि तुमची ती मजा गेली असती?

भांडं पुन्हा उतरवलं. खाचेत बोट घातलं. होतीच ती तिथे, उष्णतेने कडक होऊन चिकटलेली. मी तिच्यावरच नवी चढवली होती. हळूहळू सोडवली, खाच पुसली. आणि अहो, जुनी रिंग मी हातात घातली. चैत्रानंतर पहिल्यांदाच या हातात काही आलं. अनंत बघत होता. त्याने मान वळवली.

सगळं पुन्हा बसवलं, सांडलं तेवढं नवं ऑईल डब्यातून भरलं, पट्टीवर माप पाहिलं. गाडी सुरू केली. अनंतने स्वतःचं वर्तमानपत्र खाली पसरलं आणि उकिडवा बसून राहिला. बऱ्याच वेळाने ते ओढून काढलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, घडी घातली. कोरडं होतं.

"गिऱ्हाइकाला कार्ड टाकून येतो," एवढंच म्हणाला. चपला घालताना डोळे पुसत होता. तुमच्यासमोर कधी रडला नाही ना तो?

मी वचन देते, दर श्रावणात हे काम मीच करीन. गाडी गंजू देणार नाही.

आता वाटणी. घमेल्यातलं निम्मं ऑईल हिराजीला. डबा मीच कोळीवाड्यात नेऊन देणार, म्हणजे त्याला मागावं लागायचं नाही. थोडं इस्माईलभाईंच्या बैलगाडीच्या चाकांना. उरलेलं आपल्या गाडीच्या पोटाला, खाऱ्या वाऱ्याने गंज चढू नये म्हणून. तुमचं घड्याळ अनंतला, पाने मला. माझ्या मागे गाडी अनंतची, आणि पेटीतल्या सोन्याच्या बांगड्या सूनबाईच्या.

ही रबराची मात्र कुणालाही द्यायची नाही.

तुमची,
विमल