क्लचवरचा ठोकळा

दादा,

टेम्पो घेऊन भंगारवाल्याकडे चाललेय, बाबांचा बागेतला छोटा ट्रॅक्टर आणायला. काल त्याच्या शेडमागे दिसला. नंबरची पट्टी गायब आहे आणि वर निळा रंग फासलाय. किल्लीनं खरवडलं तर खाली आपला लाल निघाला. पण लाल काय, कुणाचाही असेल, म्हणून क्लच पाहिला. लहानपणी माझा पाय पोचेना, तेव्हा बाबांनी त्यावर वेल्ड केलेला लोखंडी ठोकळा तस्साच आहे.

तू तर ट्रॅक्टर भट्टीत वितळला म्हणाला होतास. असो. मी तो चालू करणारच, कुणी कितीही नाकं मुरडू दे. तुझी गाडी गॅरेजमधून बाहेर काढून ठेव.

आणि हो, वर बसूनही पाहिलं. ठोकळ्याशिवाय पाय अजून पोचत नाही.

– बुटकी