डावीकडे नायट्रोजन, उजवीकडे आपली हवा

अप्पा, आपलं दुकान टिकलं. हे आधी सांगते, बाकीचं मागून.

तुम्ही गेलात तेव्हा मी फ्रॉक घालत होते, आता गाड्यांत हवा भरायचा कॉम्प्रेसर मी चालवते. शाळा नववीतच सोडली. वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. दुकानात बरं चाललं होतं, पण समोरच्या पेट्रोल बंकात, म्हणजे पंपावर, चाकांत भरायचा नायट्रोजन आला आणि गिऱ्हाइकं तिकडे वळली. टॅक्सीवाला मामा अम्माला म्हणाला, "अक्का, साधी हवा आता कोण भरतंय? दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं दे. ही मुकी पोर काय गिऱ्हाईक सांभाळणार?" कसं कोण जाणे, मीच बोलले, "मामा, तुमच्या डाव्या चाकांत नायट्रोजन भरा, उजवी मला द्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला बघू कुणाची बाजू टिकते." मामा हसला. "सरी, चालेल. हरलीस तर दुकान भाड्यानं."

पहिल्या महिन्याला दोन्ही बाजू मोजल्या. नायट्रोजन माझ्या हवेपेक्षा केसभर कमी उतरला होता, खोटं कशाला बोलू? मामानं ते कुंभकोणमपर्यंत सांगितलं. तेव्हा तुमचं ते ओरडणं आठवलं. पापनाशमहून नुकत्याच आलेल्या गाडीला मी लगेच हवा मोजायचं गेज लावलं होतं आणि तुम्ही माझा हात बाजूला केलात. "पळत आलेल्याची नाडी बघतात का गं? सकाळी बघायचं, चाक थंड असताना. आणि बघत राहायचं." बंकवाल्यानं मामाला सांगितलेलं, नायट्रोजन घातला की चिंता नको. मामानं चिंता सोडलीच. मी मात्र, सकाळी टॅक्सी निघण्याआधी तो आत अम्माचे डोसे खात बसला की, माझी उजवी चाकं बघत राहिले, लागेल तेवढी हवा घालत राहिले.

आयुधपूजेची सकाळ. गाडीला झेंडूची माळ, बॉनेटवर चंदन, चाकांखाली लिंबं, गल्लीतली माणसं भोवती. मी गेज लावते. उजवी दोन्ही बरोबर. डावी इतकी उतरलेली की मामा गेज ओढून घेतो नि झटकतो.

"तू तुझी बाजू सारखी बघतेस, म्हणून."

"तेच तर, मामा. बघितलं की साधी हवा पुरते. नाही बघितलं की नायट्रोजनही उतरतो."

"बरं बरं. बंकात जाऊन येतो. तुझी हवा मिसळली तर माझा नायट्रोजन नासेल."

"दूध आहे का ते नासायला? साध्या हवेतसुद्धा बहुतेक नायट्रोजनच असतो. विमानाला वेगळं लागत असेल. तुम्हाला इथं जवळ तिरुवैयारूला जायचंय."

माणसं खो खो हसली. अम्मा दारात पदर तोंडाला लावून उभी. मामा कान खाजवत म्हणाला, "भर बाई, भर." मी भरली, आणि लिंबं चिरडत गाडी ऐटीत निघाली.

मोबाइलवाल्याला अम्मानं त्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं. आता मामाच सगळ्यांना सांगत असतो, "फुकट मिळाला तर घ्या नायट्रोजन, पण महिन्यातनं एकदा सकाळी इकडे येऊन चाकं दाखवा." जसं काही त्यानंच शोधून काढलं. सांगू दे. सकाळी गाड्या उभ्या असतात ना, बस.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, मला माहीत आहे. पण तुम्हाला म्हणून एक सांगते. मी एवढं सगळं बोलले ना, ते मामाच्या तोंडाकडे बघून नाही. चाकापाशी उकिडवी बसून, खाली वॉल्व्हकडे बघतच बोलले.