डावी गिरकी

मास्तर,

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा नाच पाहिलेलं माणूस आता सांगलीत शोधूनही सापडायचं नाही. मला मात्र तुमचा वर्ग आठवतो तो वासासकट. हळदीच्या वखारीवरची ती लांबट खोली. खाली पोती उतरायला लागली की फळ्यांच्या फटींतून पिवळी धूळ वर यायची. घरी गेले की आई माझी पावलं बघून म्हणायची, आज कुणाच्या लग्नाला जाऊन आलीस? तुम्ही खिडकीशी पाटावर बसलेले असायचा, हातात वेताची छडी. तरुणपणी नाटक कंपनीत तुम्ही बायकांची कामं केलीत, नाचलात. मग बोलपट आले, कंपनी मोडली आणि तुम्ही गावी येऊन गणपतीच्या मेळ्यांसाठी आम्हा मुलींना शिकवायला लागलात. वर्गात बोलणं फार नसायचंच. तुम्ही करून दाखवायचं, आम्ही करायचं, चुकलं की नडगीवर छडी.

मॅट्रिक झाल्यावर मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिवण आणि नाच शिकवायला लागले, तेव्हा मला ही एकच रीत ठाऊक होती. छडीसुद्धा मी तुमच्यासारखीच निवडून आणली होती. तिथं पाटणकडची, मामाकडे राहून शिकणारी एक मुलगी होती. उंच, हाडापेरानं मजबूत, म्हणून पहिल्या दिवसापासून अगदी मागच्या रांगेत. तिचं पाऊल दर वेळी किंचित उशिरा पडायचं. मी तिला आधी मारलं, आणि मग संमेलनाला आठ दिवस उरले असताना सगळ्यांदेखत सांगितलं की तुझ्या अंगात ताल नाही, उद्यापासून येऊ नकोस. ती रडली नाही. परकर झटकून निघून गेली, आणि पुढं शाळेतच यायची थांबली. खरं सांगते, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उरलेल्या मुली नीट वागायला लागल्या, याचंच बरं वाटलं.

पुढं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं की पदवी नसेल तर शाळेत कायम करता येणार नाही. म्हणून मी सांगलीला परत आले आणि वयानं माझ्याहून लहान मुलामुलींच्या बरोबरीनं कॉलेजच्या बाकावर बसले. तुम्हाला ते पसंत नव्हतं. पुस्तकानं पाय जड होतात, म्हणालात. तरी लहान मुलींचा वर्ग तुम्ही माझ्याकडे सोपवलात. लढाईचे दिवस, रॉकेल मिळायचं नाही, म्हणून उजेड असेतो वर्ग आटपायचा आणि मी कॉलेजातून धावतपळत यायची. दुसऱ्या वर्षी तर्कशास्त्रात मी सपशेल नापास झाले. प्राध्यापकांनी बोलावून घेतलं. आता बोलणी खायची म्हणून मी मान खाली घालून उभी. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाले, "कुठपर्यंत समजलंय तेवढं सांगा. तिथून पुढं जाऊ."

मी सांगत गेले, आणि सांगता सांगता माझी चूक माझ्याच ध्यानात आली. घडलं ते एवढंच. पण परतताना टांग्यात मला ती पाटणची मुलगी आठवली. तिला मी असं कधी विचारलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी तुमच्या वर्गात एका पोरीचा पाय अडखळला, आणि मी खाली बसून तिला विचारलं, कुठवर जमतंय? तुम्ही पाटावरून उठलात. "हितं शाळा भरत न्हाई. पाय इचारून पडत न्हाईत," म्हणालात, आणि वर्ग माझ्याकडून काढून घेतलात. मी चिडले, पण यायची थांबले नाही. महिनाभर कोपऱ्यात बसून नुसती बघत राहिले. आणि बघता बघता, इतकी वर्षं नाचूनही न दिसलेली एक गोष्ट मला दिसली. तुमच्याकडे शिकलेली प्रत्येक मुलगी गिरकी डावीकडूनच घेते. सांगलीत लोक त्याला मास्तरांची ढब म्हणायचे, मीही म्हणायची. एक दिवस मुली गेल्यावर मी धीर करून विचारलं, मास्तर, डावीकडूनच का?

 तुम्ही छडी खाली ठेवता, धोतर गुडघ्यावर घेता. उजवा गुडघा वाकडा, एका बाजूला सरकलेला. "नऊ वर्साचा हुतो," तुम्ही म्हणता. "शिकीवणाऱ्यानं लाकूड घातलं. उजव्या पायावर फिराय गेलं की कळ यायची. तवापास्नं डावीकडनंच फिरतुय." मग धोतर खाली सोडता. "कुणी इचारलंच न्हाई गं, पोरी. आन् म्या तुमास्नी बी त्येच शिकीवलं."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा तुम्ही मुलींना सांगितलंत की आजपासून ही उजवी गिरकी शिकवील, आणि स्वतः त्यांच्यात जाऊन बसलात. साठीचा माणूस आपल्याच शिष्येचं शिकवणं बघत होता. मुलींपैकी कुणी चुकली की मी विचारायची, आणि तुम्ही मान पुढं काढून तिचं उत्तर ऐकायचात. पदवी मला त्यानंतर दोन वर्षांनी मिळाली. तुम्ही तेव्हा नव्हता.

साताऱ्याला परत गेल्यावर मी त्या मुलीचा पत्ता काढला. पाटणच्या बाजारात भेटली, कडेवर पोर होतं. मी चुकले असं म्हणाले तर तीच अवघडली. मग हळूच म्हणाली, "तसं न्हवं, बाई. तुमी मला पार मागं उभं केलं हुतं. म्होरल्या पोरींच्या पायांच्या आवाजात पेटी ऐकूच यायची न्हाई. मी त्यांचं पाय बघून नाचायची." तिच्यात ताल होता, मास्तर. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्तच असेल. त्यानंतर माझ्या वर्गात कुठलीही मुलगी एकाच रांगेत सलग दोन दिवस उभी राहिली नाही. पस्तीस वर्षं मी अशीच शिकवत आले. छडी लागली ती पाटावर ठेका धरायला.

हे कागद टपालात पडणार नाहीत हे उघडच आहे, आणि घरात कुणाला वाचूनही दाखवायची नाही. एवढं मात्र तुम्हाला सांगायला हवं. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं सत्कार केला. भाषणात एकानं विचारलं, बाई, असं शिकवणं तुम्ही शिकलात कुठं? समोर गावातली प्रतिष्ठित माणसं बसली होती. लुगडं नेसून नाचलेल्या माणसाचं नाव त्यांच्यापुढं घ्यायला माझी जीभ रेटली नाही. मी कॉलेजात, असं सांगितलं, आणि टाळ्या पडल्या.